आधी खोबण, मग सुरुंग

वाचकहो, बोंडअळी, हुमणी, माती परीक्षण यांवर चार ओळी लिहिणे माझ्या कामातच मोडते. आज मात्र दगडावर लिहायला बसलो आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याने दगडाची चौकशी कशाला करायची, असे कुणीही विचारील. पण गेल्या महिन्यात गावाकडची एक गोष्ट कानावर आली आणि एक जुनी चूक टोचायला लागली. चूक माझी स्वतःची आहे, तेव्हा सांगायचीही मीच. हे माझे वैयक्तिक मत समजावे, खात्याचा त्याच्याशी संबंध नाही.

माझे गाव अंबड तालुक्यातले. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला त्याला आपापले गाव आठवेल, तेवढे पुरे. गावाच्या उत्तरेला गायरान, गायरानाच्या शेवटी टेकडी आणि टेकडीच्या कमरेला काळ्या पाषाणाचा उभा कडा. उंची फार तर चार परस. आमच्या लहानपणी तो कडा चढून जाणारी माणसे गावात चार-पाचच होती. त्यांत धनगराचे आबा पहिले. करडू वर अडकले की आबा चपला काढायचे, धोतराचा काचा मारायचे आणि बोटे कुठे घालायची, अंगठा कुठे टेकवायचा हे दगडालाच विचारल्यासारखे वर जायचे. आम्ही खाली तोंड वासून उभे. ज्याला कडा चढता येई, त्याला पोरांत मान होता. आबांनी कधी कुणाला शिकवायला नाही म्हटले नाही, पण शिकायला दोन-तीन उन्हाळे घालवावे लागत.

मला तेवढा धीर नव्हता. कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मित्र छिन्नी-हातोडी घेऊन तिथे गेलो. एकाचे वडील जात्यांना टाकी लावायचे, त्यामुळे हत्यारे घरचीच होती. दोन दिवस ठोकून आम्ही कड्यात अकरा खोबणी पाडल्या. बोटे अडकतील, पाऊल मावेल अशा. तिसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि माथ्याजवळच्या सपाट दगडावर तिघांची नावे कोरली. उतरलो तेव्हा आबा शेरडं घेऊन खाली उभे होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला चढता येईना, म्हून कड्यालाच खाली आणलंस का रे?"

तेव्हा ते बोलणे मी हसण्यावारी नेले.

पुढे काय झाले ते ऐका. खोबणी झाल्या, वाट सोपी झाली, म्हणून पोरे जायला लागली. आमच्या खोबणी त्यांना लांब-लांब पडत, म्हणून त्यांनी मध्ये आणखी पाडल्या. वाट दाखवायला ऑइल पेंटचे बाण आले. बाणांच्या पाठोपाठ नावे आली, बदामात घुसलेले तीर आले, निवडणुकीत पक्षांची चिन्हे आली. मोबाईल आल्यावर कड्याच्या टोकाला पिढ्यानपिढ्या उभा असलेला एक धोंडा पाच-सहा जणांनी पहारीने ढकलून दिला आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरवला. पुढे एका रात्री कुणीतरी ब्रेकर लावून कड्याची पूर्वेकडची बाजू फोडून नेली. सकाळी हायवाच्या चाकांची चाकोरी दिसली. तक्रार कुणीच केली नाही.

आता येत्या ग्रामसभेत त्या टेकडीवर खडीच्या खाणीला ना-हरकत द्यायची की नाही, हा विषय येणार आहे. गेल्या महिन्यात पारावर त्याचीच चर्चा चालली होती. एक जण म्हणाला, "त्या कड्याचं आता राहिलंय काय? पोरांनी टोचून टोचून कवाच चाळण केलीय. जाऊ द्या की, चार पैसे तरी येतील." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घातली, कारण चाळणीचे पहिले अकरा भोक माझे होते.

सांगायचा मुद्दा हाच आहे, वाचकहो. डोंगर एका दिवसात फुटत नाही. आधी त्याची भीड मोडते. ज्या दगडाला हात लावताना माणूस कचरत होता, त्यावर एकाने खिळ्याने नाव ओढले की दुसऱ्याला छिन्नी मारायला संकोच वाटत नाही. छिन्नीवाल्याच्या मागून ब्रेकर येतो, आणि ब्रेकरच्या मागून सुरुंग. खाणवाला वाईट आणि आपली पोरे भोळी, अशी वाटणी करून चालणार नाही. खाणवाल्याला आयता मुद्दा आपणच पुरवतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा खोबणीने काय बिघडते? शेतीच्या भाषेत सांगतो. नांगरट चुकली तर पुढच्या साली दुरुस्त होते. बांध फुटला तर पुन्हा घालता येतो. खत जास्त पडले तर एखादा हंगाम जातो. दगडाला मात्र कोंब फुटत नाही. आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा आहे. थरावर थर साचत गेले. महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग याच खडकाचा. थरांच्या कडा झिजून डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे झाले आणि त्यातली एखादी उभी पायरी म्हणजे आपला कडा. हाच दगड ऊन-पावसाने कुजला की मुरूम होतो, मुरमाची माती होते. ज्या काळ्या रानात आपण कापूस अन् सोयाबीन घेतो, ती काळी आई याच दगडाची लेक आहे. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे जातात. मी पाडलेली खोबण बुजायला किती लागतील, याचा हिशेब माणसाच्या पिढ्यांत बसत नाही.

रंगाचे तरी काय, घासून काढता येईल, असे वाटते. तेही खरे नाही. उघड्या दगडावर करड्या-हिरव्या पापड्या दिसतात ना, त्या दगडफुलाच्या जातीच्या. आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्याचेच हे भाऊबंद. वाढ फार सावकाश, वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाची. रंग बसला की त्या मरतात, आणि रंग काढायला थिनर लावले की उरलेल्याही मरतात. २००२ साली हिमाचल प्रदेशात मनालीहून रोहतांग खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कातळ शीतपेयांच्या आणि इतर जाहिरातींनी रंगवलेले आढळले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेऊन कंपन्यांना नोटिसा काढल्या. मोठ्या कंपन्यांना जाब विचारायला न्यायालय होते. आपल्या टेकडीवर पक्षाचे चिन्ह काढणाऱ्या कार्यकर्त्याला कोण विचारणार? तो आपलाच पुतण्या किंवा भाचा असतो.

आता पाण्याकडे येतो, कारण शेतकऱ्याला शेवटी तेच भिडते. अकरा खोबणींनी विहीर आटली, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. पण खाणीची गोष्ट वेगळी आहे. काळा पाषाण अंगात पाणी धरत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या मांजऱ्या खडकात आणि वरच्या मुरमात. माथ्यावर पडलेला पाऊस तिथून झिरपत झिरपत खाली येतो आणि पायथ्याच्या विहिरींना लागतो. माथाच काढून नेला तर झिरपायला जागा राहत नाही; पाणी येते तसे गढूळ होऊन ओढ्याला लागते. शिवाय क्रशरची धूळ. मोसंबीच्या पानावर ती धूळ बसली की पानाला ऊन मिळत नाही आणि श्वास घेता येत नाही. आधी झाड रोडावते, मग फळ बारीक राहते. अशा बागेचा मालक "काही औषध सांगा साहेब" म्हणतो तेव्हा माझ्याकडे औषध नसते.

आपल्याच जिल्ह्यात याचे उलटे उदाहरण आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथा ते पायथा अशी कामे झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ होती. आधी वरच्या उतारावर समतल चर, मग बांध, मग खाली नाल्यावरची कामे. पुढे शेततळी आणि द्राक्षबागांसाठी गावाचे नाव झाले. २०१२ च्या दुष्काळात लोक ते बघायला लांबून येत होते. तिथून शिकायचे ते हे की गावाचे पाणी वरून सुरू होते. माथा विकून पायथ्याला शेततळे खोदणे म्हणजे चूल मोडून भाकरी थापण्यासारखे आहे.

डोंगर चढणे हाच ज्यांचा छंद आहे, ते लोक दगडाशी कसे वागतात हेही बघण्यासारखे आहे. जालन्याहून मुंबईच्या गाडीने गेलात, तर मनमाडच्या अलीकडे अनकाईच्या आसपास खिडकीतून एक सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. त्याला हडबीची शेंडी म्हणतात. दोर लावून चढणारे गिर्यारोहक तिथे येतात. अशा चढाईत जीव वाचवायला कातळात मेखा ठोकाव्या लागतात, आणि किती ठोकाव्यात यावर त्यांच्यातही वाद होतात. पण एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत आहे: चढाई सोपी व्हावी म्हणून छिन्नीने खोबण पाडणे हा कमीपणा. आपल्याला जमत नसेल तर खाली यावे, सराव करावा, किंवा ज्याला जमेल त्याच्यासाठी कडा तसाच सोडावा. आबा जे म्हणाले, तेच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाचे खोरे आहे, दोन्ही बाजूंना उंचच उंच कातळभिंती. तिथे इव्हॉन शुइनार्ड नावाचा गिर्यारोहक होता. १९५७ पासून तो स्वतः भाता-ऐरण घेऊन मेखा घडवायचा, लोहारकाम त्याने स्वतःच शिकून घेतले होते. त्याच्या मेखा इतक्या चालल्या की पुढे तो त्या देशातला या सामानाचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला. पण एकाच भेगेत मेख ठोकायची, काढायची, पुन्हा दुसऱ्याने ठोकायची, असे होता होता भेगा रुंदावल्या आणि त्यांच्या कडा फुटल्या. त्याच्या ते डोळ्यांवर आले. आपल्याच मालाने डोंगर खराब होतोय, हे पाहून त्याने आणि त्याच्या भागीदाराने मेखांचा धंदा आवरता घ्यायचे ठरवले. १९७२ साली त्यांनी आपल्या मालाच्या पुस्तकात लोकांना उघड सांगितले, की मेखा सोडा. भेगेत हाताने बसवायच्या आणि हातानेच काढायच्या धातूच्या पाचरी वापरा, दगडाला खूण राहत नाही. मिळकतीचा मोठा भाग ज्या वस्तूतून येत होता, तिच्याचविरुद्ध त्यांनी बोलायचे ठरवले. ज्याच्या हातून बिघडले, तोच बोलला, म्हणून लोकांनी ऐकले. मला आज लिहायला बळ आले ते काहीसे या गोष्टीमुळे.

आता आक्षेपाचे बोलू. पारावर मी हे सगळे सांगायला लागलो तेव्हा एक शिक्षक म्हणाले, "मग वेरूळचं कैलास लेणं काय आहे? डोंगरच फोडला ना?" प्रश्न रास्त आहे. आपल्याही जिल्ह्यात रोहिलागडच्या डोंगरात कोरीव काम आहे, भोकरदनला केळणेच्या काठी लेणी आहेत. माणसाने दगडाला हातच लावायचा नाही, असे मी म्हणत नाही. घराला पाया लागतो, रस्त्याला खडी लागते. पाथरवट आणि वडार समाजाची कित्येक घरे दगडावरच चालली. त्यांच्या हातोडीला नाव ठेवायचा मला अधिकार नाही. पण पाथरवट दगड निवडून घेतो, त्याची नस बघतो, आणि त्यातून पाटा-वरवंटा उतरतो तो चार पिढ्यांच्या कामी येतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण अशा हातांसाठी आहे. आमच्या टाकीने कुठला देव घडला? नुसता घावच राहिला.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. राजूरचा गणपती टेकडीवर, अंबडची मत्स्योदरी टेकडीवर. त्या टेकड्यांवर ब्रेकर लावायची कुणाची छाती होणार नाही. म्हणजे डोंगर राखायचा कसा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वर कळस असेल तरच. ज्या टेकडीवर देव नाही, ती बेवारस. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे दोनशे फुटी कातळ उभा आहे, खांबासारख्या उभ्या दगडांचा, आपल्याच लाव्ह्याचा. आजूबाजूचा दगड वर्षानुवर्षे खाणींनी नेला, मग चारी बाजूंनी वस्ती भिडली. राहिला तो मधला सुळका, आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. २००७ साली महापालिकेने त्याला वारशाचा दर्जा दिला, तोवर भोवतालचा डोंगर संपला होता. एवढ्या मोठ्या शहराला उशिरा जाग आली. आपण त्याच वाटेने जायचे का, एवढाच प्रश्न.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, कायदा. गौण खनिजावर हक्क सरकारचा आहे. विनापरवाना मुरूम-दगड काढला तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहन जप्त होते. रात्री ब्रेकरचा आवाज आला तर सकाळी चाकोरी बघत बसू नका. तहसील कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला पाय नसतात.

दुसरे, नोंद. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. पुष्कळ गावांत ही वही कपाटात धूळ खात पडलेली असते. ती बाहेर काढा. कड्यावर घुबड कुठे राहते, मधमाश्यांचे आग्यामोहोळ कुठे लागते, कपारीत कोणते झाड आहे, झरा कधीपर्यंत वाहतो, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. कागदावर आलेली टेकडी बेवारस राहत नाही.

तिसरे, पोरे. त्यांना दटावून काही होणार नाही. पोलीस भरतीच्या तयारीला पहाटे टेकडीवर पळणारी पोरे गावोगाव आहेत, अंगात रग आहे, त्यांना चढायचेच असते. चढू द्या. फक्त रंगाचा डबा आणि छिन्नी खाली ठेवून चढा म्हणावे. आबांसारखा एखादा जाणता अजून असेल तर त्याच्या हाताखाली पाठवा. जे कड्यावर घाम गाळून वर जातील, तेच उद्या ग्रामसभेत त्याच्या बाजूने उभे राहतील.

परवा मी गावी जाऊन आबांना भेटलो. आता त्यांना नीट दिसत नाही, पण टेकडीचे विचारले की सगळे सांगतात. म्हटलं, आबा, त्या खोबणी सिमेंटने बुजवून टाकू का? ते म्हणाले, "कशाला? दगडात सिमेंट घालून आणखी एक घाण करशील. राहू दे तशाच. गावात विचारलं कुणी, कुणी पाडल्या, तर नाव सांग म्हंजे झालं."

तर नाव सांगितले आहे. ग्रामसभेत हात वर करून पुन्हा सांगणार आहे, आणि ना-हरकतीला माझी हरकत आहे असेही. पाठीशी किती जण राहतील, माहीत नाही. खाणीचे पैसे रोख असतात आणि पावसाचा हिशेब उशिरा लागतो. पण "कडा आधीच फुटलेला आहे" हे कारण तरी त्या दिवशी कुणाला देता येऊ नये, कारण तो फोडणाराच समोर उभा असेल. तुमच्याही गावाच्या टेकडीवर कुणाचे तरी नाव कोरलेले असेलच. ते तुमचे असेल, तर पुढच्या ग्रामसभेला जरूर जा.